दोन खोल्या, भाडं तेवढंच

आबा, तुमच्याबद्दल लोक अजून चांगलं बोलतात आणि मला ते ऐकवत नाही. मागच्या महिन्यात साताऱ्याला चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. मांडवात एक म्हातारे गृहस्थ भेटले, तुमच्याच पलटणीतले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुझ्या बापासारखा सरळ माणूस आख्ख्या पलटणीत नव्हता. खोटं म्हणून कधी बोलला नाही." मी हसले, त्यांच्या पाया पडले आणि पंगतीत जाऊन बसले, तर घास उतरेना. शेजारी तुमची नात होती. तिनं विचारलं, "मम्मा, क्या हुआ?" तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येते. मी म्हटलं, काही नाही, ठसका लागला. तिथून परत येईपर्यंत आणि आल्यावरही ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसलेय. तुम्ही होतात तेव्हा यातलं काहीच मी तुमच्याशी बोलले नाही. तुमच्याशी बोलायची पद्धतच नव्हती आपल्या घरात. तुम्ही सांगायचं आणि आम्ही ऐकायचं.

लष्करात असताना घर ही शोधायची गोष्ट असते हेच मला माहीत नव्हतं. बदली झाली की नवं क्वार्टर, पिवळ्या भिंती, हिरवं दार, दारावर नंबर. चंडीमंदिरहून तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गावी जायचं तर भावांच्या घरातला एक कोपरा मागून घ्यावा लागला असता, आणि मागणं तुमच्या स्वभावात नव्हतं. चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्ड अटेंडंटची नोकरी मिळाली. "क्वार्टर मिळंल," तुम्ही आईला म्हणालात, "यादीत नाव घातलंय." शहर देखणं होतं. रुंद रस्ते, गोल चौक, प्रत्येक सेक्टरला नंबर, प्रत्येक कोठीपुढं, म्हणजे बंगल्यापुढं, हिरवळ. शहर आखणाऱ्यांनी म्हणे सगळ्याचा विचार केला होता, कुठल्या रस्त्याला कुठली झाडं इथपर्यंत. त्या कोठ्यांत भांडी घासणारी, त्या इस्पितळात बेडपॅन उचलणारी, त्या भिंती रचणारी माणसं संध्याकाळी काम संपवून कुठं जाणार, एवढंच आखायचं राहून गेलं. कोठीच्या मागची नोकरांची खोली मिळायची, पण भाड्याऐवजी आईनं दिवसभर तिथं राबायचं, या अटीवर. तुम्ही नाही म्हणालात. त्या वेळी मला तुमचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते.

त्यात ती पंजाबातली वाईट वर्षं. सरहद्दीकडच्या गावांतून माणसं घरं टाकून शहरात येत होती, हिंदूही आणि शीखही, आणि प्रत्येकाला एक खोली हवी होती. घरमालकांना भीती, की आपण ज्याला खोली देऊ तो उद्या कोण निघेल. अनोळखी माणसाला दारातूनच परत पाठवत. भाडेकरूची माहिती पोलीस चौकीत द्यावी लागायची, आणि चौकीची पायरी चढायची कुणाचीच इच्छा नसायची. अशा दिवसांत तुम्ही दर रविवारी खोली शोधायला निघायचात आणि मला बरोबर न्यायचात. मला वाटायचं, मला पंजाबी येते म्हणून नेता. मोठी झाल्यावर कळलं की एकटा पुरुष दारात उभा राहिला की लोक कडी काढत नसत. हाताला दोन वेण्यांची मुलगी असली की निदान खिडकी तरी उघडत. मी तुमचं ओळखपत्र होते.

अजून दिसतं मला. तुम्ही बावीस सेक्टरमध्ये एका फाटकापाशी उभे आहात. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, बुटांना पॉलिश. वरच्या गच्चीवरून एक बाई विचारतेय, "किन्ने जीअ हो जी?" किती माणसं. तुम्ही वर बघून तीन बोटं दाखवता. कुठले, जात कोणती, नोकरी पक्की का कच्ची, पाहुणे येतात का. दुसऱ्या ठिकाणी एक गृहस्थ फौजी हा शब्द ऐकताच खूश होतात आणि भाडं ठरवायच्या आधी कॅन्टीनमधून महिन्याला किती बाटल्या मिळतील ते विचारतात. तुम्ही पीत नव्हता आणि कुणासाठी आणतही नव्हता. तिसऱ्या दारात कुत्रं. चौथ्या दारात, "अभी तो दे दी जी," आणि खोलीचं कुलूप समोर दिसतंय. परतताना तुम्ही भराभर पुढं चालता. भूक लागली म्हणायची माझी हिंमत होत नाही.

एकदा मात्र खोली जवळजवळ मिळालीच होती. वीस सेक्टरमध्ये, गच्चीवर, एका विधवा बाईंचं घर. बाईंना मी आवडले. त्यांनी मला पार्लेची दोन बिस्किटं दिली आणि विचारलं, "मांस-मच्छी तो नहीं बनाते?" तुम्ही घसा साफ करत होतात, तेवढ्यात मी म्हटलं, "नहीं आंटीजी, हम तो अंडा भी नहीं खाते." बाई म्हणाल्या, परवापासून या. आपण जिना उतरून रस्त्यावर आलो आणि तुम्ही थांबलात. माझा कान धरलात. "कुणी शिकवलं हे तुला?" मी म्हटलं, कुणी नाही. "खोटं बोलून मिळालेल्या छपराखाली आपण ऱ्हायचं नाही. कळलं का?" आणि मला रस्त्यात उभं करून तुम्ही परत वर गेलात, त्या बाईंना सांगायला, की आमच्याकडं रविवारी मटण शिजतं. खाली आलात ते खोली घालवूनच. रविवारी मटण! महिन्यातून एकदा शिजायचं आपल्याकडं, तेही पाहुणा आला तर. आई त्या दिवशी आशेनं बांधलेली बोचकी पुन्हा सोडत बसली.

चार वर्षांत सहा खोल्या झाल्या. सातवी चौतीस सेक्टरच्या पलीकडच्या गावात. शहर बांधताना आजूबाजूची काही गावं तशीच राहिली होती, सेक्टरांच्या मधोमध, आणि तिथं सेक्टरांचे नियम लागू नव्हते, म्हणून आपल्यासारख्यांना जागा मिळायची. अंगणाच्या तिन्ही बाजूंनी खोल्या, मधे हातपंप, एका कोपऱ्यात मालकाची म्हैस. आपली खोली म्हशीच्या गोठ्याला लागून. खिडकी नव्हती. भिंतीला बारा महिने ओल. स्वयंपाक, झोप, माझा अभ्यास सगळं तिथंच, आणि स्टोव्ह पेटला की आईचा दमा उसळायचा. ती दारात उकिडवी बसून, चौकटीला धरून श्वास ओढायची. तो आवाज तुम्ही इस्पितळात दिवसभर ऐकत असणार. घरी आल्यावरही तोच. समोर, अंगणाच्या पलीकडं, जोडून दोन खोल्या होत्या. त्यांना मागच्या शेताकडं खिडक्या होत्या. तिथं मिस्त्री राहायचा.

मिस्त्री म्हणजे सुतार. शीख, तिशीच्या आतला, तरणतारनकडचा. बोलायला अगदी कमी. बायको आणि वर्षाच्या आतली मुलगी. तिकडं संध्याकाळी बंदूकवाले जेवायला मागत आणि सकाळी पोलीस विचारत की जेवायला का घातलंत, म्हणून दोघं सगळं सोडून इकडं आलेली. त्यालाही शहरात कुणी खोली दिली नव्हती; पगडीवाला, तरुण, सरहद्दीकडचा म्हटल्यावर दार लागायचं. आपला मालकही शीखच होता, म्हातारा, त्यानं दिली. पण चौकीत कळवलं नाही. घाबरला, की कळवलं तर ते विचारायला येतील. मिस्त्रीची बायको आईला भैणजी म्हणायची. आईचा दमा उठला की तिच्या चुलीवर आपली भाजी ती टाकायची आणि त्यांची पोर माझ्या मांडीवर द्यायची. सव्वा वर्ष आपण समोरासमोर राहिलो, आबा. सव्वा वर्ष.

त्या मंगळवारी तुमची सुट्टी होती. मला ताप होता म्हणून मी शाळेत गेले नव्हते. भांडी जमिनीवर ठेवून ओलीनं खराब होतात म्हणून तुम्ही मिस्त्रीला फळी ठोकायला सांगितलं होतं. तो सकाळी चहा पिऊन आला आणि संध्याकाळपर्यंत होता. भिंत पोकळ, खिळा धरेना. त्यानं लाकडाच्या खुंट्या तासल्या, आधी त्या भिंतीत बसवल्या. तुम्ही फळीचं एक टोक धरलं होतं. तो म्हणाला, "फौजी साब, थोड़ा ऊपर." तुम्ही वर धरलीत. "बस जी, बस." दुपारी आईनं दोघांना भाकरी वाढली, ज्वारी मिळायची नाही, मक्याचीच. त्याला पिठलं आवडलं. पैसे द्यायला गेलात तर त्यानं हात जोडले, म्हणाला, तुमची गुडिया माझ्या मुलीला खेळवते. तो सगळा दिवस मी अंथरुणावर पडून बघितला आहे. तो एकदासुद्धा फाटकाबाहेर गेला नव्हता.

गुरुवारी पहाटे जीप आली आणि त्याला घेऊन गेली. मोहालीच्या बाजूला मंगळवारी दुपारी दोन माणसांनी स्कूटरवरून येऊन कुणावर तरी गोळ्या झाडल्या होत्या. मिस्त्रीचं गाव, वय आणि चौकीच्या वहीत नाव नसणं, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्याची बायको अंगणात बसून ओरडत होती, "मंगलवार नूं ते एत्थे सी! पुच्छ लवो फौजी तों!" मंगळवारी तर इथंच होता, फौजीला विचारा. सगळं अंगण तुमच्याकडं बघत होतं. तुम्ही दाढी करत होतात. अर्ध्या गालाला साबण. तुम्ही पुढं झालात आणि हवालदाराला म्हणालात, "साहब, मैं आ के बात करता हूँ." त्याची बायको तुमच्या पायांवर डोकं ठेवायला आली आणि तुम्ही मागं सरकलात. मला वाटलं, संकोच झाला.

दुपारी मालक आपल्या खोलीत आला. याआधी तो कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. ट्रंकेवर बसला, पाणी प्यायला, आणि रडायलाच लागला. "मेरा वी पुत्तर है, फौजी. बाईस साल दा." त्याचा मुलगा त्यानं वर्षभरापूर्वीच मेरठला बहिणीकडं पाठवून दिला होता. तुम्ही चौकीत जाऊन मिस्त्रीबद्दल खरं सांगितलंत, तर तो सव्वा वर्षापासून इथं न कळवता राहतो हे उघडं पडणार. मग ते म्हाताऱ्याला विचारणार आणि त्याच्या मुलाला शोधणार. "तू बस एना कह दे, अठ दिन होए आए नूं. असी जाणदे नहीं." आठच दिवस झाले येऊन, आम्ही ओळखत नाही. मग त्यानं आईकडं बघितलं. ती चौकटीला धरून बसली होती. "भैण नूं एत्थे हवा नहीं मिलदी," तो म्हणाला. "सामने वाले दोवें कमरे तू लै लै. किराया ओही."

दोन खोल्या, भाडं तेवढंच. मी चौदा वर्षांची होते, आणि त्या वाक्याचा अर्थ मला तुमच्या आधी कळला.

तुम्ही उठलात. सदरा घातलात, बुटांची नाडी बांधलीत आणि म्हाताऱ्याबरोबर गेलात. मी फाटकापर्यंत मागं आले. मला तुम्ही वीस सेक्टरमधल्या जिन्यावर पुन्हा चढताना आठवत होतात, म्हणून मला खात्री होती. तासाभरानं आलात. आईनं विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "सांगितलं." आईनं विचारलं, "काय सांगितलं?" तुम्ही म्हणालात, "आठ दिवस." आईनं भिंतीकडं बघितलं, मग म्हणाली, "अवं, पण फळी?" बस, एवढंच. तुम्ही तिच्यावर ओरडलात. लग्नानंतर पहिल्यांदाच ओरडलात असं ती पुढं मला सांगायची. "किती खोल्या शोधायच्या मी? किती जणांच्या दारात हिला घेऊन उभा ऱ्हाऊ? मरंल ती हितं!" मरंल ती म्हणजे आई, आणि तुम्ही तिलाच ते सांगत होतात.

शनिवारी मालकानं मिस्त्रीच्या बायकोचं सामान अंगणात काढलं. ती पोरीला घेऊन दोन सेक्टर पलीकडच्या गुरुद्वाऱ्याच्या सराईत, तिथल्या धर्मशाळेत, गेली. हत्यारांची पेटी तिला उचलवेना, ती म्हशीच्या गोठ्यात ठेवली. रविवारी आपण समोर गेलो. तुम्ही खाट धरलीत एका बाजूनं आणि मालकानं दुसऱ्या. आपली जुनी फळी भिंतीवरच राहिली, कारण ती काढली असती तर भिंतही तिच्याबरोबर निघून आली असती. नव्या खोलीत चुलीपाशी पोरीच्या काजळाचं बोट पुसल्याचे डाग होते. आईनं ते पोतेऱ्यानं घासले, गेले नाहीत. पंधरा दिवसांत तिचा दमा निम्म्यानं उतरला. हे खोटं नाही. खिडकीनं केलं ते कुठल्या औषधानं केलं नव्हतं. ती चालायला लागली, गालावर रंग आला, आणि त्यामुळं तुमच्याशी भांडायचा तिचा हक्कही गेला.

महिनाभरानं एका शनिवारी जेवताना तुम्ही ताट बाजूला सारलंत आणि म्हणालात, "त्याची बायको आली तर मी लिहून देईन. स्टॅम्प पेपरवर देईन. मंगळवारी दिवसभर माझ्या घरात होता म्हणून." आई म्हणाली, "आणि खोली?" तुम्ही म्हणालात, "जाईल." मी दुसऱ्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला दार लावून अभ्यास करता येत होता. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. 'जाईल' हा शब्द मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती आली. तुम्ही गच्चीवर पाण्याच्या टाकीचा नळ बसवत होतात, ठोकल्याचा आवाज खाली येत होता. आई दळण आणायला गेली होती. मी दार उघडलं. ती उभी होती, कडेवर पोर, पायांत रबरी चपला, ओढणी धुळीनं भरलेली. ती आत बघत होती. तिचीच खोली होती ती. म्हणाली, वकील मिळालाय, भला माणूस आहे, पैसे घेत नाही. फौजी साबनी एक कागद लिहून दिला की झालं. "तेरे पापा घर ने?" आणि पोरीनं मला ओळखून हात पुढं केले. मी म्हटलं, "नहीं चाचीजी. गाँव गए हैं. महाराष्ट्र. दो महीने बाद आएँगे." वर तुमची हातोडी चालू होती. तिनं एकदा गच्चीकडं बघितलं. तिला वाटलं असेल दुसरं कुणी आहे, किंवा काहीच वाटलं नसेल. "अच्छा पुत्त," असं म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवून ती गेली. मी कडी लावली आणि भूगोलाचं पुस्तक उघडलं.

तुम्ही वाट बघितलीत. मला माहीत आहे, कारण मी तुम्हाला वाट बघताना बघत होते. त्यानंतरचे किती रविवार तुम्ही अंगणात फाटकाकडं तोंड करून बसायचात, वर्तमानपत्र उलटंसुलटं करत. फाटक वाजलं की उठायचात. मग एक दिवस आईला म्हणालात, "आली नाही ती. झालं असंल काहीतरी दुसरीकडनं." आणि बसायचं सोडून दिलंत. इथं मला तुमचा खरा राग येतो, आबा. माझा मला येतो तो वेगळा, तो मी सांभाळते. पण ती सराई दोन सेक्टर पलीकडं होती. तुम्ही सायकलनं रोज तिच्यावरून इस्पितळात जायचात. तुम्हाला चौदा वर्षांच्या पोरीनं अडवलं नव्हतं. लिहून द्यायचंच होतं, तर त्या फाटकात वळायला कितीसा वेळ लागणार होता? तुम्हाला तिनं यायला हवं होतं. तिनं दारात येऊन मागायला हवं होतं, जसे आपण दारोदार मागत फिरलो तसं.

आठ महिन्यांनी मिस्त्री हत्यारं न्यायला आला. वकिलानंच कुठून तरी सोडवलं होतं. मी आधी ओळखलंच नाही. डावा पाय ओढत चालत होता आणि उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. सुताराची बोटं. तुम्ही खाटेवरून उठलात. त्यानं हात जोडले, "सत श्री अकाल, फौजी साब." मग म्हणाला, "गाँव से कब लौटे?" मी दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, "गाँव? गाँव तो तीन साल से नहीं गया." त्यानं तुमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मी वाट बघत होते की आता बोलेल. तो म्हणाला, "अच्छा जी. मैंने सोचा गए होंगे." आणि गोठ्याकडं वळला. त्याला ती पेटी उचलता येईना. तुम्ही पुढं झालात, त्याला काही न विचारता ती खांद्यावर घेतलीत आणि त्याच्यामागून बस स्टॉपपर्यंत चालत गेलात. तो पुढं लंगडत, तुम्ही मागं पेटी घेऊन. परत आलात तेव्हा सदऱ्याच्या खांद्याला तेलाचा डाग होता. तुम्ही काय बोललात एकमेकांशी हे मी कधी विचारलं नाही. कुठं गेले ते तिघं, तेही नाही.

त्या खोल्यांत आपण अकरा वर्षं राहिलो. यादीतलं क्वार्टर मिळालं नाही; तुम्ही इस्पितळातून निवृत्त झालात त्या दिवशीही तुमच्यापुढं माणसं होती. मी तिथंच शिकले, बी.एड. केलं, सरकारी शाळेत लागले. आई तिथं आणखी नऊ वर्षं जगली, खिडकीपाशी खाट टाकून. लोक म्हणतात, तुझ्या आई-बापानं एका खोलीतून तुला वर काढलं. मी म्हणते, दोन खोल्या होत्या. पुढचं कुणी विचारत नाही. आता माझ्या शाळेत गावातल्या त्याच गल्ल्यांमधून मुलं येतात, बिहारची, पूर्वांचलची, एकेका खोलीत सहा-सहा जणांत राहणारी. वर्षाच्या मध्येच हजेरीपटावरून नावं जातात. विचारलं तर म्हणतात, "मैडम, कमरा खाली करना पड़ा." मी तो पट पुढं सरकवते. झिरकपूरला, आमच्या बिल्डिंगमध्ये, भाडेकरू कोण चालेल आणि कोण नाही यावर सोसायटीच्या मीटिंगा होतात. मी जाते, मागच्या खुर्चीवर बसते आणि हात वर करायची वेळ आली की सगळ्यांबरोबर करते. तुम्ही दिलेली शिस्त म्हणा.

तुम्ही जाण्याआधीचे चार दिवस तुमच्याच इस्पितळात होतात, तुमच्याच जुन्या वॉर्डात. तिथली नर्स तुम्हाला ओळखत होती, बेडपॅन द्यायला लाजत होती. दुपारची वेळ होती, मी संत्रं सोलत होते. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. अचानक, अगदी स्पष्ट आवाजात विचारलंत, "ती बाई कधी आली होती का गं?" कोण, असं मी विचारलं नाही. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं बघत होतात. त्या नजरेत राग नव्हता. मला आता वाटतं, तुम्हाला माहीत असावं. गावाहून कधी आलात म्हणून मिस्त्रीनं विचारलं तेव्हाच तुम्हाला कळलं असावं, आणि इतकी वर्षं मी स्वतःहून सांगेन म्हणून तुम्ही थांबला असाल. किंवा खरंच माहीत नसेल, आणि मरताना एवढीच एक गोष्ट नक्की करून घ्यायची असेल. दोन्हीही असू शकतं.

मी म्हटलं, "नाही आबा. कुणी नाही आलं." तुम्ही मान हलवलीत आणि संत्र्यासाठी तोंड उघडलंत.

तुमचे शेवटचे दिवस, तुम्हाला कशाला त्रास, म्हणून मी तसं म्हटलं, असं आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, नोकरीवाली, स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतलेली बाई होते. आणि तुम्ही विचारलंत त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं, की हो म्हटलं तर आपल्याला ती खोली सोडावी लागेल.